सा नेमका कुठला? स्वमग्न मुलाचा कान, आजीची पेटी आणि आमचा कूलर

महालची_सून | १७ मे, रात्री ११:४२

खूप दिवसांपासून लिहीन लिहीन म्हणत होते. आज कूलर बंद करून घामाघूम बसले आहे, झोप तर येणार नाहीच. नागपुरात मे महिन्यात कूलर का बंद, ते पुढे येतंच.

माझा मुलगा ९ वर्षांचा. साडेतीन वर्षांचा असताना ऑटिझमचं निदान झालं. बोलतो, पण कामापुरतं. बाकी वेळ ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणणं: जाहिराती, भाजीवाल्याची हाळी, मेट्रोतलं 'पुढील स्थानक'. स्पीच थेरपीवाल्या मॅडमनी त्याला इकोलालिया म्हणतात असं सांगितलं होतं, म्हणून आम्ही ते 'कमी करायच्या' यादीत टाकलं होतं. त्यात आणखी काही आहे हे ओळखलं माझ्या सासूबाईंनी. त्या जुन्या काळच्या मध्यमा पूर्ण, म्हणजे गाण्याची परीक्षा दिलेल्या. एकदा तो 'पुढील स्थानक' म्हणत असताना त्यांनी पेटीवर तोच सूर धरला. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, आठवड्यानं पुन्हा धरला. पट्टी एका केसानं हलली नव्हती. मग त्या त्याला काही न शिकवता नुसत्या वाजवत बसायच्या आणि हा पेटीखाली झोपून ऐकायचा. सहा महिन्यांत भूप रागाची सरगम आली. पेटीकडे पाठ करून बसवलं तरी कुठलीही पट्टी दाबा, नाव सांगतो.

आजींची पट्टी काळी चार, म्हणजे त्यांचा सा पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर. दोन वर्षं सगळं काळी चारमध्ये.

यंदा एप्रिलमध्ये त्यांचे गुडघे फारच दुखायला लागले, म्हणून एका क्लासला घातलं. त्या ताईंची पट्टी काळी पाच. तिसऱ्या दिवशी त्यांनी तानपुरा लावून 'सा' म्हटलं आणि ह्यानं दोन्ही कान झाकले. "रे. रे. ताई रे म्हणून राहिल्या." त्या म्हणाल्या, नाही बेटा, हा सा. ह्यानं "खोटं, खोटं" म्हणत डोकं भिंतीवर आपटायला सुरुवात केली. मला बोलावून सांगितलं, "ह्याला सुराची समज नाही हो, वेळ वाया घालवू नका." मी पायऱ्या उतरता उतरता हसले की रडले, आठवत नाही.

दोन प्रश्न आहेत. एक, ज्याचा सा असा खिळ्यानं ठोकलेला आहे त्याला आपलं गाणं शिकवावं तरी कसं? दोन, घरी कोणी आलं की "वाजवून दाखव, हा सूर ओळख, तो ओळख" सुरू होतं. आधी मलाही बरं वाटायचं. आता तो पाहुण्यांच्या चपला मोजून आतल्या खोलीत जातो.

आणि कूलर: सुरू असला की तो पेटीला हात लावत नाही. "कूलर बेसूर" म्हणतो. ४५ डिग्रीत कुणाकुणाला समजवू?

---

पोहेतर्री | १८ मे, सकाळी ७:१५

काहून टेन्शन घेता ताई, पोट्टा तर जीनियस आहे तुमचा! तो लंडनचा डेरेक पॅराविचिनी बघा. आंधळा, ऑटिझम, एकदा ऐकलं की अख्खं पियानोवर वाजवते. देव एक दार बंद करते तर दुसरं उघडते म्हणतात ते हेच. पोट्ट्याचं चॅनल काढा, मी पहिला सबस्क्राइबर.

---

पेटीवाली | १८ मे, सकाळी १०:०३

@महालची_सून, मी धरमपेठेत २२ वर्षं गाणं शिकवते. माझ्याकडे सध्या स्वमग्न मुलं दोन आहेत, आधी तीन होऊन गेली. त्यावरून सांगते, पुस्तकी नाही.

पहिलं म्हणजे त्या क्लासच्या ताईंवर फार रागावू नका. मीही हेच केलं होतं. २००९ मध्ये माझ्याकडे एक मुलगी यायची. मी पट्टी अर्ध्या स्वरानं उतरवली की ती जागेवरून उठून जायची. मला वाटायचं शिस्त नाही. प्रत्यक्षात माझ्या बॅचमध्ये सा बदलल्याचं नेमकं कळणारी ती एकटीच होती. बाकीची पंधरा मुलं आनंदानं नव्या सा वर जाऊन बसायची, कारण जुना कुठं होता हे त्यांना आठवतच नव्हतं.

आपल्या गाण्याची मेख इथं आहे. पाश्चात्त्यांकडे सूर ठरलेला, नाव ठरलेलं. असा कान तिकडे जन्मला तर शिक्षक आनंदानं नाचतात. आपल्याकडे सा ही जागा नाही, ते नातं आहे. बाईची काळी चार असेल, बुवांची काळी एक असेल, ज्यानं त्यानं आपापला सा मांडायचा आणि बाकीचे सहा त्याच्या हिशेबानं बसायचे. तुमच्या मुलाला सूर 'कळतो', पण सूर 'कोणाचा कोण' हे अजून कोणी सांगितलेलं नाही.

मी नातेवाइकांवरून सांगते. तू जिला आई म्हणतोस तिला शेजारचा पोरगा काकू म्हणतो, मामा ताई म्हणतो. बाई तीच. काळी पाच तीच. आज ती रे आहे, उद्या सा. माझ्या दोघांपैकी एकाला हे आठ दिवसांत पटलं. दुसऱ्याला चार महिने लागले, आणि तोपर्यंत मी त्याच्यासमोर सा हा शब्द फक्त त्याच्याच पट्टीत वापरायची. बाकी सगळं आकारात, म्हणजे नुसत्या 'आ' वर.

आणि एक, पेटीवरच ठेवू नका. तानपुरा ऐकवा, खरा मिळाला तर खराच. खर्जाची (खालच्या सा ची) तार नीट लागली की त्यातून गंधार (ग) आपोआप ऐकू येतो, तो पेटीच्या गंधारापेक्षा उतरा असतो. चौदा सेंटांचा फरक, म्हणजे दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा सातवा हिस्सा. आपल्याला चालून जातो. अशा मुलांना बरेचदा चालत नाही, आणि तेव्हा ते 'ग चूक' म्हणाले तर कृपया त्यांनाच चूक ठरवू नका. आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीला बंदी घातली, ती अंशतः उठायला १९७१ उजाडलं; भांडण ह्याच्याच आसपासचं होतं. ते असो, तो वेगळा धागा होईल.

---

तीन_फेज | १८ मे, दुपारी २:३१

गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. ३४ वर्षं विजेच्या खात्यात काढली, कूलरबद्दल बोलू शकतो.

ताई, पोरगा बरोबर आहे. कूलर खरंच बेसूर आहे आणि तुमच्या पेटीला तो नेमका कुठं बेसूर आहे तेही सांगतो. आपली वीज ५० हर्ट्झची. पंपाच्या किंवा मोटरच्या लोखंडाला चुंबक एका फेऱ्यात दोनदा ओढतो, म्हणून गुणगुण येते १०० हर्ट्झची. व्होल्टेज कमीजास्त झालं तर पंख्याचा वेग पडतो आणि त्याचा 'घर्र' बदलतो. ही गुणगुण मात्र हलत नाही. ग्रिडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात ठेवायची असते, म्हणजे हा सूर अख्ख्या देशात एकच आहे म्हणा ना.

आता नातीकडून पेटीचा तक्ता घेतला. पांढरी पाच खालच्या सप्तकात ९८ हर्ट्झ. काळी चार १०३.८. तुमचा कूलर १०० वर. म्हणजे पांढरी पाचच्या थोडा वर आणि काळी चारच्या बराच खाली, कोणाच्याच घरी नाही. आणि पोराचा सा काळी चार! दिवसभर कोणीतरी कानाशी उतरलेला सा लावून बसल्यासारखं होत असेल त्याला.

उपाय: (अ) गुणगुण बहुतेक पंपाची असते. पंप पत्र्याला टेकला असेल तर पत्रा वाजतो. खाली वॉशिंग मशीनच्या पायाला लावतात तसा रबराचा तुकडा ठेवा. (आ) पाणी कमी झालं की पंप जास्त ओरडतो, टाकी भरलेली ठेवा. (इ) स्टँडचे बोल्ट आवळा, खिडकीला टेकत असेल तर मध्ये जुनी सायकलची ट्यूब. (ई) रियाझाच्या वेळी पंप बंद, पंखा चालू. वाळा ओला असेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं निघतात.

---

महालची_सून | १८ मे, रात्री ९:५०

काका!! तुमचा प्रतिसाद ह्यांना वाचून दाखवला. पंप खरंच पत्र्याला टेकलेला होता. जुन्या पायपुसणीचा तुकडा ठेवला आहे. गुणगुण संपली नाही, पण खूप कमी झाली. मुलगा येऊन कूलरला कान लावून गेला, काही बोलला नाही. पेटी उघडली नाही, पण खोलीत बसला.

पेटीवाली ताई, नात्याचं उदाहरण वाचून गंमत वाटली, कारण तो अजून मला कधी कधी 'महालची आई' म्हणतो, महाल ही आमची वस्ती. घर बदललं तर काय म्हणेल कोण जाणे.

---

मूळ_खामला | १९ मे, पहाटे ४:२०

इथं कॅनडात अजून संध्याकाळ आहे. श्रवण आणि मेंदू ह्या विषयाशी कामाच्या निमित्तानं संबंध येतो, म्हणून थोडं लांबण लावतो. गाळून वाचा.

ऑटिझमच्या इतिहासात संगीत पहिल्या पानापासून आहे. लिओ कॅनर ह्यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचं वर्णन केलं, तोच ह्या निदानाचा पाया. त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड एक वर्षाचा असताना कितीतरी चाली अचूक गुणगुणायचा. आणखी एक मुलगा दीड वर्षाचा असताना १८ सिंफन्या वेगळ्या ओळखायचा, पहिला भाग सुरू होताच संगीतकाराचं नाव सांगायचा.

पण किश्श्यांपलीकडे मोजमाप झालं ते पुष्कळ नंतर. लंडनच्या पामेला हीटन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये एक साधा, सुंदर प्रयोग केला. संगीत न शिकलेल्या मुलांना एकेक सूर ऐकवून प्रत्येकाला एका प्राण्याचं चित्र जोडून दिलं: हा ह्याचा आवडता सूर, तो त्याचा. नंतर सूर वाजवायचा आणि प्राणी ओळखायला लावायचं. स्वमग्न मुलांनी इतरांपेक्षा सरस कामगिरी केली. सुरांच्या जागी बोलण्यातले ध्वनी दिले तेव्हा ती आघाडी दिसली नाही. म्हणजे नुसती स्मरणशक्ती जास्त आहे असं नाही, सुराची उंची त्यांच्याकडे जास्त घट्ट चिकटते. महालातल्या आजींनी न ठरवता पेटीवर जवळपास तेच तपासलं.

मॉन्ट्रियलच्या लॉरां मोत्रों ह्यांचा गट म्हणतो की इथं आकलनाचा पहिलाच टप्पा वरचढ असतो, तपशील आधी आणि ठळक येतो. त्याआधी, १९८९ मध्ये, ऊटा फ्रिथ ह्यांनी उलट बाजूनं मांडणी केली होती: तुकडे जोडून अख्खं चित्र करण्याची ओढ कमी असते. पण चालीची अख्खी वळणं ओळखण्यात ही मुलं मागे पडतात असं संगीताच्या प्रयोगांत सहसा दिसलं नाही. त्यामुळे 'झाडं दिसतात, जंगल दिसत नाही' हे वाक्य संगीतापुरतं तरी जपून वापरावं.

आता खडे. हा कान प्रत्येकाकडे नसतो. परफेक्ट पिच (कशाचा आधार न घेता सूर ओळखणारा कान) सर्वसाधारण लोकांत १०,००० मध्ये एकाकडे असं सर्रास छापलं जातं, ऑटिझममध्ये प्रमाण पुष्कळ जास्त आढळतं, पण 'बहुतेकांकडे' नाही. ज्या पालकांच्या मुलांना संगीताशी काही देणंघेणं नाही त्यांनी रात्री दोन वाजता पेट्या शोधू नयेत.

@पोहेतर्री, डेरेकबद्दल: तो १९७९ चा, फार अपुऱ्या दिवसांचा जन्मला. त्याच्या शिक्षकांचं नाव ॲडम ऑकलफर्ड. लहानगा डेरेक पहिल्या भेटीत पियानोवर हाताच्या मुठी आणि कोपरंसुद्धा मारत होता, इतकी घाई. पुढे बोटं नीट पडायला शिकवण्यात वर्षानुवर्षं गेली. 'एकदा ऐकलं की आलं' ह्या वाक्यात ती वर्षं दिसत नाहीत. ह्याच ऑकलफर्डांचं एक निरीक्षण मला @तीन_फेज काकांच्या प्रतिसादावरून आठवलं: काही मुलांना घरातल्या यंत्रांच्या गुणगुणीसुद्धा संगीतासारख्याच ऐकू येतात. तुमच्या-माझ्या मेंदूनं कूलर 'आवाज' म्हणून अडगळीत टाकलेला असतो. ह्याच्याकडे तशी अडगळीची खोलीच नाही.

आणखी एक, पेटीवाली ताईंच्या नात्याच्या मुद्द्यावरून. कॅनरनं त्या मुलांत 'मी' आणि 'तू' ची अदलाबदल नोंदवली होती. तहान लागली की मूल म्हणतं, "तुला पाणी पाहिजे." कारण त्यानं ते वाक्य तसंच ऐकलेलं असतं. 'मी' हे नाव कोणाचंच नाही, बोलणारा बदलला की ते सरकतं. सा म्हणजे अगदी हेच. गाणाऱ्याचा 'मी'.

---

महालची_सून | १९ मे, सकाळी ६:०५

"तुला पाणी पाहिजे" हे वाक्य आमच्या घरात तीन वर्षं चाललं. सहाव्या वर्षी सुटलं. कसं सुटलं सांगू? आम्ही पाण्याच्या बाटलीवर त्याचा फोटो लावला आणि फोटोखाली 'मी' लिहिलं. माझ्या बाटलीवर माझा फोटो, खाली तेच 'मी'. दोन दिवस तो दोन्ही बाटल्या पुढ्यात ठेवून नुसता बघत होता.

चहा ठेवते. हे वाचून बसून राहावंसं वाटतं आहे.

---

ओटीपालक | १९ मे, दुपारी १:१०

विषय संगीताचाच चालला आहे तर विचारून घेतो. माझी मुलगी ५ वर्षांची, अजून शब्द नाहीत. एका ठिकाणी म्युझिक थेरपीचं ४० सेशनचं पॅकेज सांगितलं, 'राग चिकित्सेनं बोलायला लागेल' अशी जवळजवळ गॅरंटी. रक्कम लिहीत नाही, पण त्यात आमची सेकंडहँड गाडी आली असती. अर्धी रक्कम भरली आहे. काय करावं?

---

मूळ_खामला | २० मे, पहाटे ३:४५

@ओटीपालक, उरलेली अर्धी भरू नका.

संगीत उपचाराला काही आधार नाही असं नाही. २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात (झालेले अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) २६ अभ्यास आणि १,१६५ लोक होते. एकूण सुधारणा आणि जीवनमान ह्यांत फायदा दिसला. बोलण्यात मात्र स्पष्ट फरक दाखवता आला नाही. त्याआधी २०१७ मध्ये ९ देशांत ३६४ मुलांवर मोठी चाचणी झाली. मुलं ४ ते ७ वर्षांची, उत्स्फूर्त वादनाची संगीत थेरपी पाच महिने. सामाजिक लक्षणांच्या गुणांकनात नेहमीच्या देखभालीपेक्षा लक्षणीय फरक पडला नाही. उलट बाजूला २०१८ मध्ये मॉन्ट्रियलला मेघा शारदा ह्यांच्या गटानं ५१ मुलांवर ८ ते १२ आठवडे काम केलं, तिथं संवाद सुधारलेला दिसला आणि मेंदूतल्या श्रवण आणि हालचालींच्या भागांची जोडणीही. गायलेले शब्द आणि बोललेले शब्द ह्या मुलांच्या मेंदूत वेगळे उतरतात ह्याचेही पुरावे आहेत, त्यामुळे गाण्यातून शब्दाकडे जायचा प्रयत्न वेडगळ नाही. पण गॅरंटी? ती कोणाकडेच नाही. अमुक राग अमुक लक्षणावर असा तक्ता दाखवला तर तिथून उठाच.

मुलीला संगीत आवडतं का? आवडत असेल तर करा, आवडतं म्हणून करा. स्पीचच्या जागी नको.

---

पोहेतर्री | २० मे, सकाळी ८:२०

ओटीपालक भाऊ, निरामय विम्याचं कार्ड काढलं का? राष्ट्रीय न्यासाचं आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, थेरपीचा काही खर्च बसते त्यात. माझ्या भाच्याचं काढलं आहे. कागद लागतात ते व्यनि (खाजगी निरोप) करतो. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझम आहे, प्रमाणपत्र काढूनच ठेवा.

आणि महालच्या वहिनी, चॅनलचं बोललो ते मागे घेतो. भाच्यालेच विचारलं मी, 'तुले लोकायसमोर वाजवाले आवडते का?' त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला.

---

पट्टी_बदल | २२ मे, रात्री १:३४

मी २६ वर्षांचा आहे. नागपुरात राहतो, मिहानमध्ये नोकरी करतो. निदान १९ व्या वर्षी झालं. हा धागा तीन वेळा वाचला. माझ्यासारख्यांबद्दल सगळे बोलत आहेत, म्हणून लिहितो.

१. 'देणगी' म्हणू नका. माझं नाक जसं आहे तसा माझा कान आहे. त्याच कानानं मला कुकरच्या शिट्टीचा सूर कळतो आणि त्याच कानामुळे मी कॉलेजच्या कँटीनमध्ये चार वर्षांत एकदाही जेवलो नाही. एक घ्यायचं आणि दुसरं थेरपीनं काढायचं असं होत नाही. वस्तू एकच आहे.

२. सा बदलल्यावर काय होतं. नागपुरातल्या वस्त्या घ्या: उद्यापासून बर्डीला इतवारी म्हणायचं. परवापासून सदरला बर्डी म्हणायचं. आणि तुम्ही रिक्षात बसून म्हणालात 'अहो ही बर्डी आहे', तर रिक्षावाला म्हणतो तुम्हाला रस्ते कळत नाहीत. तसं होतं.

३. माझा सा पांढरी पाच होता. १३ व्या वर्षी आवाज फुटला. आधी जो सूर गळ्यातून निघायचा तो निघेना. गळा माझा, पण सूर दुसऱ्याचा. मी दोन वर्षं गायलो नाही. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. मुलगा आत्ता ९ चा आहे. त्याला सांगा. चार वर्षं आहेत. आवाज साधारण एक सप्तक खाली जातो हे आकड्यात सांगा, 'तू मोठा होशील' असं नको.

४. मी परत कसा आलो. एका सरांनी मला सांगितलं, सुराला नाव तू दे, काय हवं ते. मी सगळ्या पट्ट्यांना माझी जुनी नावं ठेवली. त्यावर सा-रे-ग चं दुसरं लेबल लावतो, जसं ऑफिसात माणसाचं नाव वेगळं आणि हुद्दा वेगळा. नाव कायम, हुद्दा बदलतो. मला नात्यापेक्षा हे सोपं गेलं, कारण नाती मला अजूनही तक्ता करून लक्षात ठेवावी लागतात. 'मी' वाला मुद्दा बरोबर आहे. मला तो आधी कोणी सांगितला असता तर वेळ वाचला असता.

५. वसंतराव देशपांडे सभागृहात मी शेवटच्या रांगेत दाराजवळ बसतो. मारवा राग सुरू झाला की पोटात खड्डा पडतो. शेजारचा विचारतो, 'कसं वाटलं?' मला उत्तर येत नाही. म्हणून लोक धरून चालतात की काही वाटत नाही.

कूलरबद्दल: मी उन्हाळ्यात कानात तानपुरा लावून झोपतो. १०० हर्ट्झवर जुळवलेला. मग कूलर साथीला बसतो. सगळ्यांना जमेल असं नाही.

---

पेटीवाली | २२ मे, सकाळी ९:१२

नाव आणि हुद्दा. २२ वर्षांत मला हे सुचलं नाही. आजच्या बॅचला वापरते. धन्यवाद म्हटलेलं चालेल ना तुम्हाला?

---

पट्टी_बदल | २२ मे, सकाळी ९:१४

चालेल.

---

मूळ_खामला | २३ मे, पहाटे ५:०२

@पट्टी_बदल च्या पाचव्या मुद्द्याला फक्त जोड. १९९९ मध्ये हीटन, हर्मेलिन आणि प्रिंग ह्यांनी मुलांना आनंदी आणि उदास चाली ओळखायला दिल्या. स्वमग्न मुलं इतरांइतकीच बरोबर होती. पुढे २०१३ मध्ये प्रौढांवर काम झालं: संगीत ऐकताना शरीराचा प्रतिसाद इतरांसारखाच, कमी पडतात ते भावनेचे शब्द. म्हणजे खड्डा पडतोच, पावती फाडता येत नाही.

गंमत म्हणजे ज्यांना परफेक्ट पिच असतो त्यांचा कान चाळिशी-पन्नाशीनंतर हळूहळू सरकतो, सगळं अर्धा-एक स्वर चढं ऐकू यायला लागतं. तेव्हा खिळ्यानं ठोकलेला सा सुद्धा कधीतरी हलतोच. तुमच्या नवव्या वर्षीच्या प्रश्नाला ह्याचा काही उपयोग नाही, हे मान्य.

---

सुरेल_शंका | २३ मे, दुपारी ४:४०

सगळं ठीक, पण मग मुलानं परीक्षा द्यायची की नाही? आजकाल प्रारंभिक, प्रवेशिका केल्याशिवाय कोणी विचारत नाही. प्रमाणपत्र असेल तर पुढे उपयोगी पडेल. आपण फार लाड करतो असं नाही वाटत?

---

पेटीवाली | २३ मे, सायंकाळी ७:२५

प्रारंभिकला लेखी पेपर नसतो, सगळं तोंडी आणि प्रात्यक्षिक. अडचण सुराची नाहीच. अनोळखी खोली, अनोळखी परीक्षक, 'थांब' म्हणाले की मध्येच थांबायचं. माझ्या एकानं दिली, तो थांबला नाही. परीक्षक भले होते, त्यांनी अख्खी बंदिश ऐकून घेतली. दुसऱ्याच्या आईनं नको म्हटलं, तेही बरोबर. लाड वगैरे शब्द आपण जरा बाजूला ठेवू या.

---

महालची_सून | ११ सप्टेंबर, रात्री १०:१८

जुना धागा वर काढते आहे. किती जणांनी व्यनित विचारलं, म्हणून.

जूनपासून तो एका सरांकडे जातो, आठवड्यातून दोन दिवस, एकटाच. पहिला महिना त्यांनी काळी चार सोडली नाही. मग एक दिवस तानपुरा काळी पाचवर लावला आणि काहीच बोलले नाहीत. मुलानं पुन्हा "रे" म्हटलं. सर म्हणाले, "हो, नाव रे. आज ड्युटीवर कोण आहे?" (नाव-हुद्दा त्यांना मी वाचून दाखवलं होतं.) तो बराच वेळ तानपुऱ्याकडे बघत राहिला. कान झाकले नाहीत. त्या दिवशी त्याहून पुढे काही झालं नाही, त्याच्या पुढच्या तीन खेपांनाही नाही.

मग मध्ये पोळा आला, दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक. महालात आमच्या गल्लीपर्यंत ढोल-ताशे ऐकू येतात. दरवर्षी आम्ही त्याला घेऊन सेमिनरी हिल्सला पळतो. ह्या वर्षी त्यानंच कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस विचारला, कानाला मोठे इअरमफ लावले आणि आजींच्या गॅलरीत खुर्ची नेऊन ठेवली. काळी मारबत गेली, 'घेऊन जा गे मारबत' झालं, तो गॅलरीच्या कठड्यावर ताशाचा ठेका धरून होता. दोन पथकं पुढे-मागे आली आणि ठेके एकमेकांत मिसळले तेव्हा मात्र आत निघून गेला. खाली नाचणाऱ्या कोणालाच ते कळलं नसावं. म्हणजे मोठा आवाज हा प्रश्न नव्हताच, इतकी वर्षं आम्ही चुकीच्या गोष्टीपासून पळत होतो.

त्या रात्री आजींच्या पेटीवर भूप वाजवला. पहिले दोन स्वर ऐकून सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मला कळेना का. काळी पाचमधून वाजवत होता. आरोह-अवरोह पूर्ण करून म्हणाला, "आज सा ड्युटीवर काळी पाच. काळी चारला सुट्टी."

सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला आणि लगेच म्हणाल्या, "ग जरा चढा लागून राहिला." पेटीचा दोष, त्याचा नव्हे, असं तोही म्हणाला.

वाजवून दाखव बंद केलं आहे. पाहुण्यांना मी आधीच फोनवर सांगते. दोन जण रागावले आहेत, रागावू देत.

आवाज फुटण्याचं त्याच्या बाबांनी आकड्यात लिहून भिंतीवर लावलं आहे, तो रोज वाचतो आणि आरशात गळा बघतो.

@ओटीपालक, तुमचं काय झालं? पैसे परत मिळाले का?

---

ओटीपालक | १२ सप्टेंबर, सकाळी ८:०२

नाही मिळाले. सोडून दिले. मुलगी अंगाईच्या शेवटच्या शब्दाच्या वेळी तोंड उघडते, आवाज येत नाही. आम्ही तिथं थांबतो.

---

तीन_फेज | १२ सप्टेंबर, दुपारी १२:४४

ताई, वाचून फार बरं वाटलं. कूलर काढून ठेवला असेल आता. पावसात ठेवू नका, पंप सुकवून ठेवा.

---

महालची_सून | १२ सप्टेंबर, रात्री ९:३१

काढला काका, पंप सुकवून पेपरात गुंडाळला. पण कूलर गेल्यावर घर शांत झालं आणि आता त्याला फ्रिज ऐकू येऊन राहिला आहे. तोही तिथंच, पांढरी पाच आणि काळी चारच्या मध्ये. त्याच्या खाली रबर कुठं लावू?